ओव्हाळ सिस्टरांचे आठवडे

ओव्हाळ सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काहीच करत नव्हत्या.

२०१० साल होतं. मला शाळेतून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. माझ्या धाकट्या मुलीला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला आणि वजन कमी म्हणून त्याला जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात ठेवलं. आम्हाला काचेबाहेर उभं राहून बघायची मुभा होती. आत बारा वॉर्मर होते, म्हणजे वरून ऊब देणारा दिवा लावलेले उघडे पाळणे. दोन नर्सांची धावपळ चालली होती. तिसरी, चाळिशीची, सावळी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, खिडकीजवळच्या शेवटच्या पाळण्यापाशी उभी होती. त्या पाळण्यातलं मूल माझ्या तळहाताएवढं होतं. तिनं आपलं एक बोट त्याच्या मुठीत दिलं होतं आणि ती नुसती उभी होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला वाटतं की काम टाळणारं माणूस आपल्याला लगेच ओळखू येतं. मलाही तसंच वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या बाळाचं काही करायचं नाही का?"

"तुमचं हाय का ते?"

"नाही. माझा नातू चौथ्या पाळण्यात आहे."

"तुमच्या नातवाला भूक लागलीय, त्याच्या आईला पाठवा. त्या कोपऱ्यातल्याची आई वरच्या मजल्यावर हाय, तिला उठता येत न्हाई. म्हणून मी उभी हाय." मग दोन पावलं पुढं जाऊन वळून म्हणाली, "मास्तर हाव ना तुमी?"

"कशावरून?"

"स्वतःचा नातू सोडून दुसऱ्याच्या पोराची चौकशी करायलाव."

अर्ध्या तासानं त्या कोपऱ्यातल्या पाळण्याचा दिवा बंद झाला. माझा नातू नऊ दिवसांनी घरी आला. त्या नऊ दिवसांत मी तिला "अहो सिस्टर" म्हणायला लागलो आणि मनातल्या "ती"च्या जागी "त्या" आलं.

आमच्या तेलगावात एक सवय आहे. दवाखान्यात कुणाला न्यायचं झालं की लोक म्हणतात, गुरुजींना सोबत घ्या, ते कागद भरतील. निवृत्त झाल्यावर तर मी सगळ्यांना मोकळाच सापडलो. महिन्यातून दोन-तीनदा त्या रुग्णालयात जाणं व्हायचं आणि गेलो की काचेपाशी एक फेरी व्हायची. असं करत करत सिंधू ओव्हाळ या बाईंची ओळख झाली.

त्या दिंद्रुडच्या बाजूच्या. घर बौद्ध, आजोबांच्या वेळेपासूनचं. वडील लवकर गेले, आई पारूबाई मजुरी करायची. बीडला नर्सिंगचं शिकून सिस्टर नोकरीला लागल्या. पती शहादेव एका सहकारी सूतगिरणीत होते. गिरणीला टाळं लागल्यापासून घरचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला होता आणि सिस्टर डब्याचं झाकण उघडून रोज त्यांची थट्टा करायच्या. "आज वरणात काय पडलंय बघा गुरुजी. माणसानं सूत कातलंय, डाळ कुठून शिजायची?" पण डबा पुसून खायच्या.

त्यांचं कामातलं मत कक्षात सगळ्यांना माहीत होतं. सव्वीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलाबद्दल त्या कुणाला आशा लावत नसत. आईला सरळ सांगायच्या, "बाई, हे पोर राहायचं न्हाई. आपण त्याला त्रास न देता ठेवू. तू त्याला छातीशी घे." डॉक्टर लोकही असं तोंडावर बोलत नव्हते. ते "बघू या" म्हणायचे आणि पुढच्या पाळण्याकडे जायचे.

भिवरा नावाची एक तरुण नर्स होती. तिचं आणि सिस्टरांचं यावरून वाजायचं. एकदा माझ्यासमोरच वाजलं.

"सिस्टर, तुमी आधीच हात सोडता," भिवरा म्हणाली. ती सांभाळत असलेलं एक बाळ सकाळी गेलं होतं आणि डोळे सुजलेले होते.

"तू न्हाई सोडलास. काय झालं? दोनी हाताला, पायाला, डोक्याला भोकं पाडली. शीर सापडत न्हाई तर परत टोचलं. त्याची कातडी बघितलीस का? चिकटपट्टी काढली की संगट येती. शेवटी गेलंच ना ते? जाताना आई कुठं होती?"

"बाहेर."

"बाहेर. आणि जवळ कोण होतं? तुझी सलाइन."

भिवरा रडत आत गेली. सिस्टर मला म्हणाल्या, "लई चांगली पोरगी हाय. तिला पाच वर्षं जाऊ द्या."

या मताच्या मागं काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात पारूबाई खडी फोडायच्या कामावर होती. सातव्या महिन्यातच ती कामावर बाळंत झाली. मुलगा झाला. बायकांनी त्याला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कामावरच्या साहेबाला दया आली. त्यानं ते सूप ट्रकमध्ये ठेवून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. आईला उभं राहता येत नव्हतं, ती मागंच राहिली. संध्याकाळी ट्रक परत आला तेव्हा सूप रिकामं होतं. "मी तवा दोन-अडीच वर्षांची. मला काय आठवत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "पण आई मरेपर्यंत म्हणायची, पोर जायचंच व्हतं, पर माज्या मांडीवर गेलं असतं."

आता त्यांच्या कामातली जी गोष्ट मला सांगायची आहे तिच्याकडे येतो.

मूल किती आठवड्यांचं आहे हे ठरवायला आईची शेवटच्या पाळीची तारीख लागते. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या बायकांना तारीख सांगता येत नाही. सोनोग्राफी झालेली नसते. कार्ड असलं तर ते गावी, आणि बाई गावापासून लांबच्या फडात. मग सिस्टर त्यांना सण विचारायच्या. "दसरा झाला होता का? कारखाना सुरू झाला होता का? कोणता कारखाना? वेळ अमावस्येला कुठं होतीस?" त्यांना सगळ्या सहकारी कारखान्यांचे हंगाम कधी सुरू झाले ते पाठ असायचं. बाई म्हणायची, गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे कारखाना सुरू झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग सिस्टर बोटांच्या पेरांवर मोजून आकडा सांगायच्या आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून पाळण्याच्या डोक्याशी लावायच्या. डॉक्टर तोच आकडा कागदावर लिहायचे. त्यांचा आकडा चुकतो असं कुणाला कधी वाटलं नाही. मलाही त्यांची ती पद्धत फार आवडायची. मी म्हणायचो, तुम्ही गणिताच्या बाई व्हायला हव्या होतात.

त्या आकड्यावर पुढचं सगळं ठरायचं. कक्षात श्वासाला मदत करणारं यंत्र एकच चालू होतं, दुसरं दुरुस्तीला गेलं होतं ते आलंच नव्हतं. ज्यांना यंत्र लागेल त्यांना औरंगाबादला पाठवायचं, पण सव्वीसच्या आतल्यांना पाठवायचं नाही, ती वाटेतच जातात, असं कक्षातलं ठरलेलं धोरण होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

२०१३च्या मार्च महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी बिभीषण याचा फोन आला. धरणात पाणी राहिलं नव्हतं, ऊस जागेवर वाळत होता, आणि जवळच्याच सहकारी कारखान्याच्या टोळीत तो आणि त्याची बायको तुळजा तोडीला होते. तुळजा एकोणीस-वीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असताना तिच्या पोटात दुखायला लागलं. पाच तारखेला, मंगळवारी, मुलगी झाली. वजन सातशे वीस ग्रॅम.

बिभीषण म्हणाला, "गुरुजी, सिस्टर म्हणत्यात की राहत न्हाई. तुमी एकदा येऊन विचारा की."

मला दोन दिवस जमलं नाही. घरी पाण्याच्या टँकरची पाळी होती. ते दोन दिवस मला अजून आठवतात.

मी पोचलो तो शुक्रवार होता, मुलीचा चौथा दिवस. खिडकीजवळचा तोच पाळणा. चिकटपट्टीवर लिहिलं होतं, २४ आठवडे ३ दिवस. पाळणा रिकामा होता, कारण मुलगी तुळजाच्या पदराखाली छातीशी बांधलेली होती. नाकाशी ऑक्सिजनची नळी. तुळजा खुर्चीत ताठ बसली होती, भरलेली घागर घेऊन बसावं तशी.

सिस्टर बाहेर आल्या. "चोवीसचं पोर चौथ्या दिवसापर्यंत राहत न्हाई गुरुजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हिनं मला कोड्यात टाकलंय. पण उगी आशा लावू नका त्यांना. दोनदा श्वास थांबला सकाळपासून."

बिभीषणची आई दगडाबाई तिथंच ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या आधीची चार भावंडं गेल्यावर हिचं नाव दगडाबाई ठेवलं होतं, म्हणजे ही तरी टिकावी. बाई खरंच टिकाऊ होती. मी शेजारी बसलो आणि तिनं सुरुवात केली.

"गुरुजी, तुमीच सांगा. म्या हिला म्हणलं व्हतं, पहिल्या खेपेला तोडीला नगं जाऊ. ऐकलं न्हाई. नवऱ्याला सोडून राहवतंय कुठं? धोंड्याचा म्हैना आला तवा जावईबापू सासरवाडीला गेलं. आठ रोज ऱ्हायले. तेहतीस अनारसे, धोतर, टोपी. माज्या पोराला कवा टोपी घालताना बघितलंय का तुमी?"

"आई, गप की," बिभीषण म्हणाला.

"कावून गप? पोळ्याला हिला पाळी आली, बैलाला पुरणपोळी म्या एकटीनं केली. दुष्काळाचा पोळा, पर करायला लागतंय. मग ही दोघं धोंड्याला गेली. माघारी आली न् माझ्या घरी म्हालक्ष्म्या बसल्या तर हिला सैपाकाचा वास सोसंना. सोळा भाज्या न् ही परसात ओकत बसलेली. म्या तवाच वळखलं."

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या आत जायला वळल्या होत्या त्या तशाच थांबल्या.

"काय म्हणालात मावशी?"

"म्हनलं, ओकत व्हती."

"महालक्ष्म्यांना? गणपतीतल्या?"

"मग कवाच्या? वर्षातनं एकदाच बसत्यात."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, पोळा झाला की चार दिवसांनी गणपती ना? मग आठ दिवसांत ओकाऱ्या कशा?"

"एरवी तसंच," मी म्हणालो. "पण गेल्या वर्षी मध्ये अधिक महिना आला. धोंड्याचा. पोळा सतरा ऑगस्टला झाला आणि गणपती एकोणीस सप्टेंबरला बसले."

हे मी अगदी सहज सांगितलं. वर्गात एखाद्या मुलानं विचारावं आणि आपण सांगावं, तसं.

त्यांच्या घरात पोळा, गणपती कधी झाले नव्हते. ते सण त्यांना कामापुरते माहीत होते: कुठल्यामागून कुठला, मध्ये दिवस किती. गणपतीची तारीख त्यांना पक्की ठाऊक होती, कारण रुग्णालयाला सुट्टी असते. पोळ्याला सुट्टी नसते. म्हणून तुळजानं पाळी पोळ्याला आली असं सांगितल्यावर त्यांनी एकोणीस सप्टेंबरातून चार दिवस वजा केले होते. आपल्या मापानं नीट केलं होतं.

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. मी बघत होतो. दोनदा मोजलं. मग हात खाली सोडला.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस न् चार दिवस. ती लहान न्हाई गुरुजी. ती पोटात उपाशी राहिलीय."

मग मात्र त्या धावल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना त्या त्यांच्या खोलीतून ओढून घेऊन आल्या. ते तरुण होते, एकोणीस मुलांना एकटे. त्यांनी मुलीचे तळवे पाहिले, कान पाहिले, त्यावरूनही आठवडे कळतात, आणि म्हणाले, "हो. पाठवू या." औरंगाबादला फोन झाला. जागा होती. ऑक्सिजनची सोय असलेली गाडी मात्र सकाळीच दुसरं मूल घेऊन गेली होती. ती दीड वाजता आली. सिस्टरांची पाळी दोनला संपत होती. त्या गाडीत चढल्या. तुळजाला त्यांनी आधी बसवलं, मुलगी तिच्या छातीशी तशीच राहू दिली, आणि स्वतः समोर गुडघ्यांवर बसल्या. बिभीषण आणि मी पुढं चालकाशेजारी.

गेवराईच्या अलीकडं मागची खिडकी वाजली. चालकानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वीसेक मिनिटं आम्ही तिथं थांबलो असू. सिस्टर दोन बोटांनी छाती दाबत होत्या, छोट्या पिशवीनं हवा देत होत्या. मग त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि तुळजाचा पदर नीट केला.

चालकानं विचारलं, "पुढं का माघारी?"

मीच म्हणालो, माघारी.

पुढच्या आठवड्यात सिस्टर तेलगावला माझ्या घरी आल्या. ऊस संपल्यामुळं कारखान्यानं हंगाम बंद केला होता, आणि बिभीषणचं घर बैल घेऊन चारा छावणीत राहायला गेलं होतं. "मला त्या पोरीला सांगायचंय," सिस्टर म्हणाल्या. "तुमी चला. एकटीला न्हाई जमायचं."

मी त्यांना विचारलं, सांगून काय होणार? त्या म्हणाल्या, काही न्हाई होणार.

छावणीत रांगेनं जनावरं, रांगेनं ताडपत्र्या. तुळजा ताडपत्रीच्या सावलीत बसली होती. दूध आटावं म्हणून तिनं छातीला फडकं घट्ट बांधलेलं होतं. दगडाबाईनं आम्हाला पोतं अंथरून दिलं आणि कोरा चहा ठेवला.

सिस्टरांनी फार लांबण लावली नाही. "तुळजा, मी महिना मोजायला चुकले. मला वाटलं तुझी पोरगी लई आधी झालीय. ती तेवढी आधी नव्हती. पहिल्याच दिवशी तिला औरंगाबादला पाठवायला पाहिजे होतं. मी पाठवू दिलं न्हाई."

तुळजा खाली बघत होती. तिनं विचारलं, "पाठविली असती तर जगली असती?"

"सांगता येत न्हाई. लई अशक्त होती. पण जगण्यासारखी होती."

"म्या तुमाला पहिल्या दिशीच म्हणले व्हते," तुळजा म्हणाली, "ती माझ्याकडं बघायलीय. चोवीस आठवड्याच्याचे डोळे मिटलेले असत्यात, असं त्या दुसऱ्या नर्सबाई म्हणल्या. तुमी म्हणलाव, कधी कधी उघडत्यात."

"म्हणले होते," सिस्टर म्हणाल्या.

"तुमाला दिसत व्हतं."

"दिसत होतं. तिच्या तळव्याला रेघ पण होती. मला वाटलं, सुरकुती असंल."

तुळजा उठली. तिनं बादली घेतली आणि बैलांकडं गेली. आम्ही होतो तोवर ती परत आली नाही.

दगडाबाईनं चहाच्या कपबश्या पुढं सरकवल्या. "घ्या नर्सबाई. आमच्या दारात आजवर माझं चुकलं म्हणत कुणी आलं न्हाई. ना डाक्टर, ना मुकादम, ना कारखान्याचा चेरमन. तुमी आलाव." मग ती म्हणाली, "पर पुन्हा येऊ नका. ती पोरगी मग चार दिवस जेवत न्हाई."

परतीच्या वाटेवर सिस्टर एवढंच म्हणाल्या की चहात गूळ जास्त होता.

महिनाअखेरीला रुग्णालयात दगावलेल्या मुलांबद्दल बैठक असते. कागदावर चोवीस लिहिलेलं होतं. चोवीस लिहिलेलं असलं की कुणी काही विचारत नाही. सिस्टरांनी तो आकडा खोडून अठ्ठावीस लिहिला, शेजारी सही केली आणि कारण लिहिलं. डॉक्टर त्यांना म्हणाले, "सिस्टर, आता बदलून कुणाचं भलं होणार आहे?" ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. सिस्टरांनी खोडलेलं पुन्हा लिहिलं नाही. चौकशी झाली, एक ताकीद मिळाली. यंत्र दुरुस्त होऊन आलं नाही.

इथं माझ्यातल्या मास्तराला वाटलं होतं की यातून काहीतरी चांगलं निघेल. सिस्टरांनी कक्षात पंचांगाचं कॅलेंडर टांगलं, भिवराला अधिक महिना समजावून सांगितला, प्रत्येक आईला सण दोन-दोनदा विचारायला लागल्या. पण नेमकं उलटं झालं. त्यांचा आपल्या आकड्यावरचा विश्वास गेला. पंचवीस निघालं तरी त्यांना वाटायचं, एकोणतीस असेल. चोवीसच्या मुलाचे डोळे मिटलेले असले तरी त्या ते पुन्हा पुन्हा बघायच्या. आईला "हे राहायचं न्हाई" असं म्हणणं त्यांनी सोडून दिलं. त्याही "बघू या" म्हणायला लागल्या. आणि जमेल त्या प्रत्येक मुलाला औरंगाबादला पाठवायला लागल्या.

त्यातलं एखादं-दुसरं जगलं. बाकीची गेली. शस्त्रक्रिया झालेल्या आया इकडच्या खाटेवर पडून असायच्या आणि मूल तिकडे, दोन-तीन तासांच्या अंतरावर, टोचलेल्या अवस्थेत कुणा अनोळखी माणसाच्या हातात जायचं. पंधरा सालच्या दुष्काळात तर टोळ्या आधीच लांब गेल्या होत्या, बायका अधिकच खंगून यायच्या, आणि कक्षात बारा पाळण्यांत चोवीस मुलं असायची. एकदा एका म्हातारीनं सिस्टरांना विचारलं, "बाई, नातू गेला तवा जवळ कोण व्हतं?" सिस्टरांना सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी त्या मला बसस्थानकावर भेटल्या. माझी तेलगावची गाडी यायची होती.

"गुरुजी, माझ्या आईच्या पोराला ट्रकात घालून नेलं त्या साहेबाचं मला आयुष्यभर नवल वाटायचं. कसा माणूस असंल, आई मागं ठेवून सूप घेऊन गेला." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आता वाटतंय, त्यालाही मोजता येत नसंल."

मी म्हणालो, "तुमची चूक एकदा झाली, सिस्टर. एकदाच."

"ती मला कळली तेवढी एकदा," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या वर्षांत किती पोरांना मी असं सणावरून मोजलं? दर तीन वर्षांनी धोंडा येतोय ना? दहा सालीही होता. तुमचा नातू होता त्या वर्षी."

गाडी आली आणि मी बसलो.

बदलीचा अर्ज त्यांनी त्याच महिन्यात केला. भिवरानं तो फाडायचा प्रयत्न केला असं मला नंतर कळलं. ती तोवर स्वतः कक्षाची प्रमुख व्हायच्या बेतात होती आणि आयांना सरळ, तोंडावर, खरं सांगायला शिकली होती. ते ती सिस्टरांकडूनच शिकली, आणि सिस्टर ते विसरून गेल्या. तुळजाला पुढं दोन मुलं झाली. बिभीषण ते मला सांगतो, पण तिनं स्वतः माझ्याशी त्या मुलीबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि रुग्णालयाच्या त्या गल्लीतून ती जात नाही.

सिस्टरांची नोकरीची अजून चार वर्षं राहिली आहेत. सध्या त्यांची नेमणूक बाह्यरुग्ण विभागात, कुत्रं चावलेल्यांना इंजेक्शन देतात त्या खोलीत आहे. खोली सकाळी नऊला उघडते आणि दुपारी एकला बंद होते.